स्क्रिप्ट चालते, एरर येत नाही, पण निकालात ओळी शून्य

सीझन लागला की हा फोन ठरलेला. "भाऊ, स्क्रिप्ट चालू तर होऊन राहिली, पण काहीच येऊन नाही राहिलं." लाल अक्षरांतली एरर नाही, काही नाही. काळी खिडकी उघडते, बंद होते, आणि चुकाऱ्यांच्या यादीची फाइल उघडली तर त्यात नुसती शीर्षकाची ओळ.

यवतमाळ-वर्ध्याकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांत, दूध संकलन केंद्रांवर, बचत गटांच्या ऑफिसात आता हे काम बऱ्यापैकी चालतं. खेडा खरेदीच्या पावत्या लॅपटॉपवर चढतात, डेटा एसक्यूलाइटच्या एका फाइलमध्ये किंवा मायएसक्यूएलमध्ये (दोन्ही डेटाबेस, म्हणजे नोंदींची टेबलं सांभाळणारे प्रोग्रॅम) असतो, आणि गावातल्याच पायथन शिकलेल्या एखाद्या पोराने किंवा पोरीने चाळीस-पन्नास ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिलेली असते. ती महिनोन्‌महिने बरी चालते आणि एक दिवस शून्य देते. मग लॅपटॉप रीस्टार्ट, पायथन पुन्हा इन्स्टॉल, अँटिव्हायरस बंद, असे सगळे उपाय होतात. यातल्या एकानेही फरक पडत नाही.

एरर आली तर निदान ती गूगलवर टाकता येते. शून्य ओळींत शोधायला काहीच नसतं. पण डेटाबेसने उत्तर दिलेलं असतं, आणि त्याच्यापर्यंत जो प्रश्न पोचला त्याचं ते खरं उत्तर असतं. म्हणून शोधायचं एवढंच की आपल्या डोक्यातला प्रश्न आणि तिथे पोचलेला प्रश्न यांत फरक कुठे पडला. खाली मी ज्या क्रमाने बघतो त्याच क्रमाने लिहितो आहे. कमांड वाचायला सोप्या म्हणून देवनागरीत दिल्यात. टाइप करताना त्या इंग्रजीतच टाका.

एरर खरंच नाही, की कोणी गिळली?

स्क्रिप्टमध्ये 'ट्राय' आणि त्याखाली 'एक्सेप्ट: पास' असेल तर पहिलं काम म्हणजे ते 'पास' काढून टाकणं. टेबलाचं नाव चुकलं, फाइल लॉक आहे, कॉलमच नाही, अशा सगळ्या तक्रारी त्या एका शब्दाखाली दाबल्या जातात आणि वरून शून्य दिसतं. जुन्या पीएचपीचं आणखी वेगळं. डेटाबेसशी जोडणारी त्याची दोन साधनं, पीडीओ हे पीएचपीच्या ८.० आवृत्तीपासून आणि मायएसक्यूएलआय ८.१ पासून, चूक झाली की आपणहून एक्सेप्शन (एरर) फेकतात. त्याआधीच्या आवृत्त्या गप्प बसायच्या. होस्टिंगवर जुनं पीएचपी असेल तर हे डोक्यात ठेवा.

कोणत्या फाइलला विचारताय?

एसक्यूलाइटची एक खोड आहे. तुम्ही दिलेल्या नावाची फाइल सापडली नाही तर पायथनचं 'कनेक्ट' तक्रार न करता त्या नावाची नवी, रिकामी फाइल तयार करतं. त्यात स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स' लिहिलेलं असलं की झालंच. रिकाम्या फाइलमध्ये रिकामं टेबल तयार होतं, क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) बिनचूक चालते, उत्तर शून्य.

हे बहुतेक वेळा स्क्रिप्ट हाताने चालवायचं सोडून वेळापत्रकावर लावली की घडतं. हाताने चालवताना तुम्ही त्याच फोल्डरमध्ये असता, म्हणून 'खरेदी.डीबी' एवढं नाव पुरतं. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये 'स्टार्ट इन'चा रकाना रिकामा सोडला तर तीच स्क्रिप्ट सिस्टिम३२ च्या फोल्डरमध्ये उभी राहून फाइल शोधते. लिनक्सवरचं वेळापत्रकाचं साधन क्रॉन होम फोल्डरमध्ये शोधतं. ॲडमिनच्या हक्काने चालणारी स्क्रिप्ट सिस्टिम३२ मध्ये तुमच्या नावाची रिकामी फाइल खुशाल करून ठेवते.

तपासायला एसक्यूलाइटमध्ये 'प्रॅग्मा डेटाबेस_लिस्ट' चालवा. कोणती फाइल उघडली आहे त्याचा पूर्ण पत्ता समोर येतो. मायएसक्यूएल असेल तर 'सिलेक्ट डेटाबेस()' आणि होस्टचं नाव छापून बघा. चाचणीचा डेटाबेस आणि खरा डेटाबेस एकाच सर्व्हरवर असला की अदलाबदल सहज होते. कायमचा उपाय म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता देणं, आणि कनेक्ट करताना यूआरआय पद्धतीने 'मोड=आरडब्ल्यू' लावणं. मग फाइल नसेल तर नवी होत नाही, सरळ एरर येते. शून्यापेक्षा एरर कधीही परवडली.

अटी एकेक करून काढा

फाइल बरोबर निघाली की आधी 'सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम वजनपावती', कुठलीही अट न लावता. इथे शून्य आलं तर प्रश्न क्वेरीचा नाहीच, डेटा आत आलेला नाही. खाली कमिटबद्दल (नोंदी पक्क्या करण्याबद्दल) लिहिलं आहे तिकडे जा. हजारात आकडा आला तर एक अट लावा, पुन्हा मोजा. मग दुसरी. ज्या अटीला आकडा धाडकन शून्यावर येतो, चोर तिथे आहे. पाच अटींची क्वेरी एकदम वाचून डोक्याने चूक पकडायचा नाद सोडा. चांगले चांगले फसतात, कारण वाचताना आपण आपल्या मनातलीच क्वेरी वाचत असतो.

त्याच वेळी स्क्रिप्ट नेमकं काय पाठवते ते छापून बघा. पायथनमध्ये एफ-स्ट्रिंगचा (मजकुरात किंमत भरायची सोय) पहिला 'एफ' विसरला तर महिरपी कंसातलं 'गाव' हे शब्द म्हणूनच जातं, आणि डेटाबेस महिरपी कंसासकट त्या नावाचं गाव शोधत बसतो. किंमत नंतर भरायला ठेवलेल्या प्रश्नचिन्हाच्या जागेचंही तसंच. प्रश्नचिन्हाला अवतरणात घातलं की पायथन एरर देतं की किमती जास्त आल्या, जागा एकही नाही. मग काही जण "एरर घालवायला" ती किंमतच काढून टाकतात. एरर जाते. आता '?' नावाचं गाव शोधलं जातं.

आणखी एक सापळा दुहेरी अवतरणाचा. एसक्यूलाइटमध्ये दुहेरी अवतरणातलं नाव कॉलमचं समजलं जातं, पण तसा कॉलम नसेल तर ते सहसा गुपचूप साधा मजकूर समजून पुढे जातं. कॉलमच्या नावात एक अक्षर चुकलं तर एरर यायला हवी. त्याऐवजी दोन मजकुरांची तुलना होते, ती जुळत नाही, आणि निकाल शून्य. मजकुराला एकेरी अवतरण, कॉलमला अवतरणच नको, एवढी शिस्त पाळली तर हा सापळा लागत नाही.

दिसायला तेच, आतून वेगळं

आता खरं दुखणं. इंग्रजी डेटावर काम करणाऱ्यांना हे कमी छळतं, म्हणून इंग्रजी मदतीच्या पानांवर ते क्वचितच सापडतं. आपल्याकडे गाव, नाव, पीक सगळं मराठीत टाइप होतं आणि शून्य ओळींची मुळं बहुतेक वेळा अक्षरांतच निघतात.

पिकाच्या रकान्यात 'पऱ्हाटी' (कपाशी) घ्या. तुम्ही क्वेरीत 'पऱ्हाटी' लिहिलं. टेबलात डोळ्यांना 'पर्‍हाटी' दिसतं आहे. तरी जुळत नाही. कारण हे जोडाक्षर दोन रीतींनी टाइप होतं. एका रीतीत 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, युनिकोडमधलं (संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीतलं) यू+०९३१, त्याला हलन्त आणि मग 'ह'. दुसऱ्या रीतीत साधा 'र', हलन्त, त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह यू+२००डी, आणि मग 'ह'. पडद्यावर दोन्हींचं रूप एकच. पण एसक्यूलाइटचं 'लेन्थ()' लावा: पहिल्याची लांबी ७, दुसऱ्याची ८. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करणाऱ्याकडून पहिलं रूप येतं, कारण तिथे 'ऱ'ला स्वतःची कळ आहे. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणाऱ्या काही साधनांतून दुसरं येतं. खरेदी केंद्रावर दोन जण पाळीने बसत असतील आणि दोघांचे कीबोर्ड वेगळे असतील तर एका पाळीची पऱ्हाटी सापडते, दुसऱ्या पाळीची गायब. 'शेतकऱ्याचे', 'वऱ्हाडे', 'कऱ्हाळे', 'पायऱ्या', सगळ्यांची हीच कथा.

पायथनमध्ये हे उघडं पाडायला 'रेप्र()' सारखं दुसरं काही नाही. 'प्रिंट(पीक)' ऐवजी 'प्रिंट(रेप्र(पीक))' करा. न दिसणारं चिन्ह लगेच तिरप्या रेघेसकट २००डी म्हणून उघडं होतं. शेवटी चिकटलेली मोकळी जागा अवतरणामुळे दिसते. वेब पानावरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरातली न तुटणारी जागा एक्सए० म्हणून दिसते. मी तर शून्य ओळींची तक्रार आली की आधी दोन्हीकडची किंमत 'रेप्र' करून मागवतो. फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा ते बरं.

"मग नॉर्मलाइझ करून टाकू," असं कोणीतरी म्हणतंच. पायथनच्या युनिकोडडेटामधलं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एका रूपात आणणं) चांगलं आहे, पण ते इथे पुरत नाही. 'र'ला नुक्ता लावून कोणी 'ऱ' बनवला असेल तर एनएफसी त्याचा एकच 'ऱ' करून देतं. न दिसणाऱ्या जोडचिन्हाला मात्र ते हात लावत नाही. आणि ते चिन्ह सरसकट पुसून टाकलं तर 'पऱ्हाटी'ची 'पर्हाटी' होते, म्हणजे रफार 'ह'च्या डोक्यावर जाऊन बसतो आणि पुन्हा जुळत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी 'र, हलन्त, जोडचिन्ह' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' घाला, मग उरलेली न दिसणारी चिन्हं काढा, मग एनएफसी.

हाच घोळ 'ॲ'चा. 'ॲग्रो' हा शब्द एका अक्षराच्या 'ॲ'ने लिहिता येतो, 'अ'वर चंद्र देऊन 'अॅग्रो' असाही लिहिता येतो, आणि काही जण 'ऍग्रो' लिहितात. एनएफसी यांतल्या कोणालाही एकमेकांत बदलत नाही. कृषी सेवा केंद्रांची यादी असेल तर हे निस्तरावंच लागतं, कारण निम्म्या दुकानांच्या नावात ॲग्रो असतं.

जुनी यादी कृतिदेवमध्ये असेल तर मात्र गोष्टच वेगळी. कृतिदेव हा नुसता फॉन्ट आहे. आत इंग्रजी अक्षरंच असतात. त्यात टाइप केलेलं 'मारोती' फाइलमध्ये 'ई के जे के एस आर एच' या अक्षरांच्या रूपात पडलेलं असतं. एक्सेलमध्ये फॉन्ट लावलेला असल्यामुळे मराठी दिसतं, आणि सीएसव्ही करून डेटाबेसमध्ये चढवलं की तुमची मराठी क्वेरी त्याला जन्मात सापडत नाही. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या. कन्व्हर्टरही कधी कधी काना आणि मात्रा जोडून एक 'ो' करण्याऐवजी दोन चिन्हं वेगळी ठेवतात. 'मारोती'ची लांबी ६ यायला हवी. ७ आली तर हेच झालं आहे, किंवा शेवटी मोकळी जागा आहे.

मोकळ्या जागेबद्दल: एसक्यूएलचं 'ट्रिम()' साध्या मोकळ्या जागाच काढतं. विंडोजवरच्या सीएसव्हीतून ओळीच्या शेवटी येणारं कॅरेज रिटर्न, टॅब, न तुटणारी जागा तसंच राहतं. पायथनचं 'स्ट्रिप()' हे सगळं काढतं, म्हणून सफाई डेटा आत टाकतानाच पायथनमध्ये करा. आणि मायएसक्यूएल ५.७ वरून ८ वर आलेल्यांसाठी एक सूचना. जुनी कोलेशन्स (मजकूर जुळवायचे नियम) तुलना करताना शेवटची मोकळी जागा धरत नव्हती, ८ मधलं मूळचं यूटीएफ८एमबी४_०९०० गटातलं कोलेशन धरतं. नवीन सर्व्हरवर तयार केलेल्या टेबलात जुना डेटा ओतला आणि क्वेरी आटल्या, तर आधी इथे बघा.

आकडे देवनागरीत टाइप झाले असतील तर तोही फरकच आहे. गट नंबर '४५/१' आणि इंग्रजी आकड्यांतला तोच गट नंबर, डेटाबेसच्या लेखी दोन वेगळे मजकूर. गंमत म्हणजे पायथनचं 'इंट()' देवनागरी '४५' बिनबोभाट पंचेचाळीस म्हणून वाचतं, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये चाचणी पास होते. एसक्यूलाइटचं 'कास्ट' मात्र त्याचं शून्य करतं. एक्सेलने सभासद क्रमांकातली पुढची शून्यं खाल्ली असतील तर '००४५' आणि '४५' ची जोडणीही अशीच फसते.

गावांच्या नावांना तर तोडच नाही. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, पण जुन्या कागदांवरून उतरवलेल्या याद्यांत 'वडगांव' अजून आहे आणि नव्यांत 'वडगाव'. त्यात बुद्रुक कोणी पूर्ण लिहितो, कोणी 'बु.', कोणी 'बु॥', आणि ते दोन दंड कोणी इंग्रजी कीबोर्डवरच्या उभ्या रेघांनी काढतो. यावर लोक 'लाइक' लावून मोकळे होतात. तसं करू नका. दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह देऊन 'वडगाव' शोधलं की तालुक्यातली सगळी वडगावं, बुद्रुक, खुर्द सगळी येतात, आणि शून्याची तक्रार मिटून एकाचा चुकारा दुसऱ्याला गेल्याची तक्रार येते. ती जास्त महाग. गावासाठी नाव वापरूच नका. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला ६ आकडी कोड आहे. तो कॉलम ठेवा, जोडण्या त्यावर करा, नाव फक्त छापायला. माणसांच्या बाबतीत दोन कॉलम: टाइप केलेलं नाव जसंच्या तसं, आणि शेजारी वरची सफाई करून तयार केलेला शोधायचा कॉलम. शोधायला आलेल्या शब्दावरही तीच सफाई चालवायची, हे लिहायची गरज नसावी, पण लिहून ठेवतो.

तारखा

एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा प्रकारच नाही, ती मजकूर म्हणून पडते. पावतीवर जशी लिहितो तशी '२५/११/२०२४' टाकली की तुलना डावीकडून एकेक अक्षराने होते. 'बिट्वीन' लावून १ ते ३० नोव्हेंबर मागितलं तर ओळी येतात, म्हणून सगळं ठीक वाटतं. खरं तर त्यांत इतर महिन्यांच्याही ओळी घुसलेल्या असतात, कोणी बघत नाही. मग कोणी २५ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर मागतो. '२५' पासून पुढे आणि '०५' पर्यंत असं काही असूच शकत नाही, म्हणून शून्य. "महिन्याच्या आत चालते, महिना बदलला की बंद पडते" अशी तक्रार आली तर दुसरीकडे बघायची गरज नाही. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशीच साठवा.

एक्सेलचा हात लागला असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. लॅपटॉपची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची असेल तर ०५/११ ही ५ नोव्हेंबर न राहता ११ मे होते. २५/११ चं तसं करता येत नाही म्हणून ती मजकूरच राहते. एकाच कॉलममध्ये दोन जातींचा माल तयार होतो आणि महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या क्वेरी रिकाम्या येतात.

तारखेबरोबर वेळही साठवली असेल तर 'तारीख = आजची' ही अट कधीच जुळणार नाही, कारण टेबलात पुढे वेळ लागलेली आहे. आजपासून पुढे आणि उद्याच्या आत, अशी अट घाला.

दूध संकलनवाल्यांची तक्रार वेगळी. सकाळची पाळी पहाटे पाचला सुरू होते, पहिल्या कॅनच्या नोंदी झालेल्या असतात, आणि आजची यादी मागितली तर शून्य. एसक्यूलाइटचं 'करंट_टाइमस्टॅम्प' यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे साडेपाचच्या आधीच्या सगळ्या नोंदींवर कालची तारीख पडते, आणि स्क्रिप्ट लॅपटॉपच्या घड्याळावरून आजची शोधते. साडेपाच वाजून गेले की नव्या नोंदी सापडायला लागतात, म्हणून ही चूक दिवसा ऑफिसात बसून कधीच सापडत नाही. नोंद करताना 'लोकलटाइम' लावा किंवा दोन्हीकडे यूटीसी वापरा. एकीकडे एक, दुसरीकडे दुसरं, हे नको.

नल

"ज्यांनी अजून माल आणला नाही अशा सभासदांची यादी" ही क्वेरी बहुतेक जण 'नॉट इन' ने लिहितात: सभासद क्रमांक वजनपावतीतल्या क्रमांकांत नाही असे सगळे. पावतीच्या टेबलात एका जरी ओळीत सभासद क्रमांक नल राहिला, म्हणजे बिनसभासद शेतकऱ्याची एक पावती जरी तशी चढली, तर ही अख्खी क्वेरी शून्य देते. नल म्हणजे 'माहीत नाही'. यादीत एक माहीत नसलेला क्रमांक आहे म्हटल्यावर कोणताही सभासद "नक्की यादीत नाही" असं डेटाबेस म्हणूच शकत नाही. 'नॉट एक्झिस्ट्स' वापरा, किंवा आतल्या क्वेरीत 'इज नॉट नल' घाला.

'= नल' लिहिलं असेल तर ते कधीच खरं ठरत नाही, 'इज नल' लिहा. पायथनच्या पांडाज लायब्ररीवरून डेटा आला असेल तर नलच्या जागी 'नॅन' किंवा 'नन' असा चक्क मजकूर पडलेला असू शकतो. 'इज नल' त्याला पकडणार नाही. आणि 'लेफ्ट जॉइन' करून उजव्या टेबलावरची अट 'व्हेअर'मध्ये टाकली की लेफ्टपणा संपला, उजवीकडे जोडीदार नसलेल्या ओळी गळतात. ती अट 'ऑन'मध्ये न्या.

टाइप तर केलंय, मग डेटा कुठे गेला?

डीबी ब्राउझरमध्ये (एसक्यूलाइटची फाइल उघडायचा प्रोग्रॅम) नोंदी भरल्या, पडद्यावर दिसत आहेत, स्क्रिप्टला मात्र एकही मिळत नाही. 'राइट चेंजेस' दाबलंय का ते बघा. ते दाबेपर्यंत नोंदी फक्त त्या खिडकीपुरत्याच असतात. पायथनने भरणारी वेगळी स्क्रिप्ट असेल तर तिच्या शेवटी 'कमिट()' आहे का ते बघा.

मायएसक्यूएलवर दिवसभर चालू राहणाऱ्या स्क्रिप्टची गोष्ट जरा अवघड आहे. दर पाच मिनिटांनी नवीन पावत्या बघायच्या, आल्या की एसएमएस पाठवायचा, अशी स्क्रिप्ट सकाळी सुरू केली की पहिल्या वाचनाच्या वेळचं चित्र धरून बसते. मायएसक्यूएलच्या इनोडीबी इंजिनाची मूळ सेटिंग 'रिपीटेबल रीड' आहे आणि पायथनची जोडणी सहसा ऑटोकमिट (आपोआप कमिट) बंद ठेवून येते, त्यामुळे तो व्यवहार संपत नाही तोवर नव्या ओळी तिला दिसतच नाहीत. बंद करून चालू केली की सगळ्या दिसतात. प्रत्येक फेरीच्या शेवटी 'कमिट()' करा किंवा ऑटोकमिट चालू ठेवा.

खरेदी केंद्रावर नेट नसतं म्हणून संध्याकाळी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन तालुक्याला जाणाऱ्यांसाठी: एसक्यूलाइट वॉल मोडमध्ये असेल तर ताज्या नोंदी मुख्य फाइलमध्ये नसतात, शेजारच्या '-वॉल' नावाने संपणाऱ्या फाइलमध्ये असतात. प्रोग्रॅम चालू असताना नुसती मुख्य फाइल कॉपी केली तर तालुक्याच्या ऑफिसात दिवसभराची खरेदी शून्य दिसते. केंद्रावरच्या लॅपटॉपवर सगळं जागेवर असतं, म्हणून दोघांचं भांडण लागतं. आधी प्रोग्रॅम नीट बंद करा, मग कॉपी करा. बंद करता येत नसेल तर एसक्यूलाइटची 'बॅकअप' कमांड वापरा.

ओळी आल्या, पण वाटेत सांडल्या

कधी डेटाबेस ओळी देतो आणि स्क्रिप्टच त्या वाया घालवते. 'फेचऑल()' (सगळ्या ओळी उचलणं) एकदा केलं की कर्सर, म्हणजे ओळी हातात देणारा, रिकामा होतो. "किती आल्या ते बघू" म्हणून मध्ये 'फेचऑल()'ची लांबी छापली की खालच्या लूपला काहीच उरत नाही. तपासायला घातलेल्या ओळीनेच शून्य केलं. 'इफ फेचवन()' अशी चाचणी करून खाली लूप चालवणाऱ्यांची पहिली ओळ दर वेळी गळते. वीस ओळी असतील तेव्हा एक कमी आली हे कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या दिवशी एकच पावती असते त्या दिवशी यादी रिकामी जाते. आणि पायथनच्या एसक्यूलाइटमध्ये 'सिलेक्ट' नंतर 'रोकाउंट' नेहमी उणे एक असतो, त्यामुळे 'रोकाउंट शून्यापेक्षा मोठा असेल तर' ही अट कधी खरी होतच नाही. सरळ एकदा यादीत घ्या आणि तीच यादी मोजा, तीच फिरवा.

शून्यच बरोबर असेल तर

पाऊस आला, काटा बंद राहिला, त्या दिवशी यादी रिकामी येणं बरोबरच आहे. पण स्क्रिप्टने दोन्ही शून्यांना एकच तोंड दाखवू नये. मी आता प्रत्येक स्क्रिप्टच्या शेवटी एवढं घालायला सांगतो: निकाल शून्य आला तर लॉगमध्ये उघडलेल्या फाइलचा पूर्ण पत्ता, टेबलातल्या एकूण ओळी, शेवटच्या पावतीची तारीख-वेळ, आणि ज्या किमतींनी शोधलं त्या 'रेप्र' करून. शेवटची पावती कालची असेल आणि एकूण ओळी कालच्या इतक्याच असतील तर बहुधा आवकच नाही, झोपा. एकूण ओळीच शून्य असतील तर भलतीच फाइल उघडली आहे किंवा डेटा आत आलेलाच नाही. शेवटची पावती दहा मिनिटांपूर्वीची असूनही निकाल शून्य असेल तर अटीत घोळ आहे, आणि बहुधा त्याच ओळीत २००डी दिसेलच.